वाळूच्या वाटेवरची चक्कर

पिकअपच्या बॉनेटवर मी हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पत्रा गरम होता.

"भावाला माती दिल्यापासून हिला कुणी हात लावलेला नाही," मोत्सुमी सांगत होता. "इथंच झाडाखाली उभी आहे. हवं तर वहिनीला विचारा."

त्याची वहिनी, थुसोची आई, भिंतीच्या सावलीत चटईवर पाय लांब करून बसली होती. अंगात निळा पोशाख, डोक्याला निळं फडकं, खांद्यावर निळी शाल. तिचा नवरा गाओलाथे गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि वर्ष झाल्याशिवाय सुतकाचा निळा उतरत नाही.

"मग गाडीला ताप आलाय का?" मी विचारलं.

"उन्हानं तापली, मामा."

"झाडाखाली?"

माझा भाचा ओलेबिले तोंडावर हात धरून हसला. पुष्कळ दिवसांनी मी त्याला हसताना बघत होतो. थुसोची आई मात्र हसली नाही. ती दिराकडे बघत राहिली.

"सकाळी जरा सुरू करून ठेवली," मोत्सुमी म्हणाला. "पाहुण्यांपुढं खोकायला नको म्हणून."

"खोकू दे की. खोकला ऐकायलाच आलोय आम्ही. गार होऊ दे तिला, तोवर चहा पाज."

आमच्यात भाचा काही मोठं विकत घेतो तेव्हा मामाला बरोबर नेतो. मामा नाही म्हणाला की तो विषय संपला. शिवाय मी वीस वर्षं खाटिकखान्याला गुरं नेणारी लॉरी चालवलेली, तेव्हा ओलेबिले दोन्ही कारणांनी मला घेऊन आला होता. त्याच्या गुरांच्या वाडीवरच्या बोअरचं पाणी खारं झालं होतं. मिठागराच्या कडेला असं होतं. आधी चव बदलते, मग गुरं तोंड लावून मागं सरकतात, मग नुसती टाकीपाशी उभी राहतात. शेजारच्या बोअरवाल्यानं पंधरा दिवस पाजू दिलं आणि मग हात जोडले. त्याचीच गुरं त्याला जड झाली होती. आता गावच्या नळावरून पिंपं भरून रोज वाडीवर न्यायची, हाच एक मार्ग उरला होता. त्यासाठी गाडी हवी, म्हणून ओलेबिलेनं सहा बैल विकले होते. दोन गाई आदल्याच आठवड्यात बसल्या, त्या उठल्या नाहीत.

चहा झाला. बॉनेट गार लागलं तेव्हा मी ओलेबिलेला म्हटलं, "मार चावी."

इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्यांदा लागलं. मागून निळसर धूर आला आणि थोड्या वेळात विरला. मी तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. पांढरा फेस नव्हता, म्हणजे तेलात पाणी उतरत नव्हतं. पुढची चाकं दोन्ही हातांनी हलवून बघितली. मग पाठीवर झोपून खाली सरकलो. मिठागरावरून पळवलेल्या गाड्या वरून नवऱ्या मुलीसारख्या दिसतात आणि खालून मिठानं खाल्लेल्या असतात. चाकूचं टोक मी चेसीवर जागोजागी टोचत गेलो. केबिनच्या मागं एके ठिकाणी जोड दिलेला होता, पण जोड चांगला होता. बाकी लोखंड शाबूत.

"काय मामा, दात मोजताय का तिचे?" मोत्सुमी वरून म्हणाला.

"तुझे मोजायला हवेत. जिभेच्या मागं किती खोटं दडलंय ते कळेल."

थुसोची आई पहिल्यांदाच बोलली. "मोजा मोजा. बैलांच्या वेळी मोजायचे राहिले."

मोत्सुमीचं तोंड उतरलं. गाओलाथेचे बैल त्यानं विकले होते आणि वहिनीला भाव कमी सांगितला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. या खेपेला थोरल्या मंडळींनी सांगितलं होतं की पिकअप विकायला हरकत नाही, पण बाईसमोर विका.

मी अंग झटकत उठलो. "गाडी बरी आहे. पण रस्त्यावर बरी असून आम्हाला उपयोग नाही. दोन पिंपं भरून वाळूत चालवून बघायची."

"बघा ना. मी येतो बरोबर."

"मीही येते," थुसोची आई म्हणाली आणि उठून शाल सारखी केली.

"वहिनी, ते वाडीच्या वाटेनं जाणार!"

"वाळूत चालली की हे किंमत बोलतील. ती मी माझ्या कानांनी ऐकणार."

ओलेबिले माझ्याकडे बघायला लागला. निळ्या पोशाखातली बाई गुरांच्या वाटेला जात नाही. गेली तर गाई गाभडतात, दूध आटतं, असं आम्ही मानतो. तीही मानते. लहानपणापासून तिनं तेच ऐकलेलं.

"दुफाट्याच्या बाभळीपर्यंतच जाऊ," मी म्हणालो. "वाडी तिथून लांब आहे. तिथून मागं फिरायचं."

ती कबूल झाली. ओलेबिलेही नाइलाजानं झाला आणि पिंपं भरायला लागला. ती मागं पिंपांच्या मध्ये बसली, पाठ केबिनला लावून. मोत्सुमी बाजूच्या फळीवर. मी पुढं, भाच्याशेजारी.

गाव संपलं की वाळू लागते. ओलेबिलेनं उतरून चारही चाकांची हवा थोडी सोडली, मग दुसरा गिअर टाकला आणि मी त्याला सोडू दिला नाही. "पाय काढू नकोस. स्टेअरिंगशी भांडू नकोस. तिची वाट तिला शोधू दे." पिकअप डुलत, गुरगुरत चालली. मागं पिंपांतलं पाणी आपटत होतं. चढाची वाळू आली तिथं इंजिनचा आवाज खाली बसला, आता रुतणार असं वाटलं, आणि ती हळूहळू वर निघाली. काट्यानं गरम दाखवलं नाही. गिअर निसटला नाही.

"मामा," ओलेबिले म्हणाला, "ही चालेल." त्यानं आरशातून पिंपांकडं बघितलं. "रोज दोन फेऱ्या मारीन. पाऊस येईपर्यंत जगतील."

"जगतील," मी म्हणालो.

आणि बाभूळ दिसायच्या आधी ओलेबिलेची गुरं दिसली.

ती वाडीवर नव्हती. राखणदाराला मागं टाकून ती निघाली होती, गावाच्या दिशेनं, वाटेवरूनच, एकामागं एक. बरगड्या मोजाव्यात अशी. ओलेबिलेनं ब्रेक दाबला, मागं घ्यायला गिअर शोधला, पण वाळूत चाक फिरलं आणि तेवढ्यात त्यांना पाण्याचा वास लागला. आमच्या गुरांना मी तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. पळायचं बळ कुठून आलं कोण जाणे. बघता बघता पिकअपला वेढा पडला. शिंगं पत्र्यावर खरखरायला लागली. पिंपांच्या बाहेरून ओघळलेलं पाणी गुरं लांब जिभांनी चाटत होती.

"गुरांना दिसू देऊ नका तिला!" ओलेबिले दार ढकलत ओरडला. दार गाईच्या पोटाला लागून उघडेना. "झाका! झाका तिला!"

मोत्सुमीनं ताडपत्री ओढली आणि वहिनीच्या अंगावर टाकली. "आडवी हो, वहिनी. हालू नकोस."

ताडपत्री दोनदा हलली आणि बाजूला फेकली गेली. ती उभी राहिली होती.

"मेलेल्याला झाकतात," ती म्हणाली. "मला झाकू नका."

मग तिनं खाली बघितलं. एक तांबडी गाय फळीवर मान टाकून उभी होती. तोंडाला फेस वाळलेला, डोळे आत गेलेले. थुसोच्या आईनं इकडं तिकडं बघितलं. बादली पडली होती. तिनं पिंपाचं झाकण काढलं, बादली बुडवली आणि गाईपुढं धरली.

"नको! थुसोच्या आई, तुझ्या पाया पडतो, नको!" ओलेबिले ओरडला.

गाईनं तोंड बुडवलं. बादली रिकामी झाली तरी ती तळ चाटत राहिली. बाईनं पुन्हा भरली, दुसरीपुढं धरली, मग तिसरीपुढं. तिचे हात कोपरापर्यंत भिजले होते, निळ्या बाह्या काळ्या दिसत होत्या. ती घाबरली होती; मला तिचा चेहरा दिसत होता. घाबरलेली असूनही ती पाजत होती.

ओलेबिले खिडकीतून बाहेर पडला. त्यानं फळीवर चढून तिच्या हातातली बादली घेतली आणि वाळूत फेकली. गुरं बादलीमागं धावली.

मग मोत्सुमी म्हणाला, "गाडीचं बघा. गाडीत काही खोट नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. मीही खिडकीतून उतरलो होतो. "ओलेबिले, गाडी घे. मी सांगतो. गाई पाणी प्यायल्या, उभ्या आहेत बघ. घे गाडी."

"पाच गाभण आहेत, मामा."

"पाणी नसेल तर गाभण काय आणि भाकड काय!"

"तिच्या हातचं पाणी गेलंय त्यांच्या पोटात. उद्यापासून एक जरी गाभडली तर..." तो थांबला. "त्या या गाडीच्याच मागं येतील. रोज. ही गाडी बघितली की तिला बघतील."

"दुसरी गाडी शोधायला तुला महिना लागेल. यांच्याकडं आठवडा नाही."

मोत्सुमीनं किंमत खाली आणली. मग अजून खाली आणली. थुसोची आई पिंपाला धरून उभी होती आणि प्रत्येक आकडा ऐकत होती. शेवटचा आकडा ओलेबिलेनं विकलेल्या सहा बैलांतल्या दोघांच्या किमतीएवढाही नव्हता. ती मान हलवून म्हणाली, "एवढ्यालाही नको?"

"नको, मावशी."

"मी मुद्दाम नाही आले त्यांच्यात."

"मला माहीत आहे."

"मामा सांगतायत, तरी नको?"

ओलेबिलेनं माझ्यापुढं गुडघे टेकले, वाळूत, माणसांदेखत. "मामा, तुमचा शब्द मोडतो. मला शिव्या द्या. पण मला ही गाडी नको."

मी काय देणार शिव्या. त्याचा बाप असता तर तोही हेच म्हणाला असता. त्याच्या वयात कदाचित मीही.

"मग निदान दुसरं पिंप इथं ओतून जाऊ दे," मी म्हणालो. "वाळूत चर काढून ताडपत्री घालू, त्यात ओतू. तिनं हात लावलेला नाही त्याला."

त्यानं पिंपाकडं बघितलं. पहिलं पिंप उघडं होतं आणि दुसरं सरकून त्याला टेकलं होतं. तिच्या ओल्या शालीचं टोक दोन्हींवर पडलं होतं. त्यानं मान फिरवली.

मोत्सुमी स्टेअरिंगवर बसला. मी आणि ओलेबिलेनं मागून ढकललं, चाकाखाली फांद्या घातल्या, तेव्हा कुठं पिकअप वळली. मी भाच्याबरोबर थांबलो. वाडीवर परत हाकायला एकटा माणूस पुरला नसता. थुसोची आई मागं बसली, या वेळी तोंड आमच्याकडं करून. झाकण लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला उघड्या पिंपातून पाणी उसळायचं, तिच्या मांडीवर पडायचं आणि फळीवरून वाळूत गळायचं.

गुरांनी माना वर केल्या आणि ती पिकअपच्या मागं चालायला लागली.

ओलेबिले धावत पुढं गेला, फांदी आडवी धरून उभा राहिला, ओरडला, एकेकीला नावानं हाक मारली. तांबडी त्याच्या बाजूनं वळून पुढं गेली. मागच्या गाई ओल्या वाळूला तोंड लावत, ती चाटत, पुन्हा चार पावलं टाकत गेल्या. मीही हाकत होतो, पण ती वळेनात. दोन जणी वाटेतच बसल्या. मी वाकून एकीच्या शेपटीला हात घातला, ओलेबिलेनं पुढून शिंगांना, आणि आम्ही तिला उठवायला लागलो.

"उठ," तो म्हणत होता. "उठ, बाई. गाव लांब आहे. उठ."

ती उठली नाही. आम्ही दुसऱ्या गाईकडं गेलो.