सलाईनशिवाय सुटका नाही

स्वातंत्र्य मागून मिळत नसतं, ते घ्यावं लागतं, असं साधना इंगळे सिस्टरनी आरशासमोर जाहीर केलं आणि सासूबाईंना विचारून राजापेठेतल्या घरावर पाटी लावली: 'घरपोच ड्रेसिंग. शुगरवाल्यांच्या पायांची निगा. इंजेक्शन व सलाईन फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.' नोकरी होती त्या दवाखान्यानंही परवानगी दिली. अट एकच. दोनच्या ड्यूटीला एकदा जरी उशीर झाला, तर पाटी उतरवायची.

मंगळवारी साडेबाराला त्या देवरावांकडे गेल्या. देवराव निवृत्त तलाठी. शुगरमुळे अंगठ्याला झालेली जखम आता छान भरत आली होती. ड्रेसिंग करून सिस्टर उठल्या, तर चॅनेल गेटला कुलूप आणि किल्ली देवरावांच्या बंडीच्या खिशात.

सलाईन लावल्याशिवाय कुलूप निघणार नाही, असं त्यांनी जुन्या सरकारी आवाजात सांगितलं. सिस्टरनी बीपी पाहिलं, शुगर पाहिली, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, गरज नाही.

"तुमचं सोतंत्र काम हाये ना?" देवराव म्हणाले. "मंग डॉक्टरले कायले इचारता?"

सिस्टरनी नियम समजावला. देवरावांनी तो शांतपणे ऐकला. जन्मभर लोकांना नियम ऐकवलेल्या माणसाला हा प्रकार नवीन होता. मग खरं कारण निघालं. अकोल्याच्या मुलीला, माधवीला, त्यांनी सकाळीच सलाईन लागल्याचं कळवून टाकलं होतं, आणि ती बसमध्ये बसलीसुद्धा होती.

"शेजारच्या शेषरावले सलाईन लागली, त परतवाड्याहून जीप भरून लोकं आले. अंगठा पाहाले कोन येते बाप्पा?"

सव्वा वाजला. दीड वाजला. सिस्टरनी खिडकी पाहून घेतली. तिला गज होते. मागच्या दाराला तर दोन कुलपं होती.

पावणेदोनला माधवी आली. तिला आत घ्यायचं तर किल्ली काढणं भाग होतं. तिनं बापाकडे पाहिलं, भिंतीवरच्या, सलाईनची बाटली नसलेल्या खुंटीकडे पाहिलं, आणि खाटेवर त्यांच्याजवळ बसली.

गेट उघडं होतं. दवाखाना दहा मिनिटांवर. सिस्टर पिशवी उचलून उंबऱ्यापर्यंत पोचल्या.

"सिस्टर," मागून देवराव म्हणाले, "शुगरवाल्यानं सोताची नखं सोता कापू नाही, असं तुमीच सांगतलं होतं. तेवढी कापून देता का?"