नऊ गाठींची दोरी

सकाळी कपाटाचा खण उघडला आणि दचकलेच. माझी लाल दोरी पुठ्ठ्यावर नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावरच्या नऊच्या नऊ गाठी गायब होत्या. वर इस्त्रीसुद्धा फिरवलेली!

हे काम आईचंच. आम्हा दोघींचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि दोऱ्यात गाठ दिसली की ती सोडवल्याशिवाय आईला चैन पडत नाही.

आता खरं ते सांगते. मला चेटकीण व्हायचंय. झाडूवर बसायचं नाही, कुणाचं वाईट चिंतायचं नाही. दर पौर्णिमेच्या संध्याकाळी स्वतःला चेटकिणी म्हणवणाऱ्या तिघीजणी एका गच्चीवर रिंगण करून बसतात, मी नऊ महिने बाहेर बसून बघते. नर्सबाई चंद्राला देवी मानतात. ग्रंथपालबाई कुठलाच देव मानत नाहीत, त्यांच्या मते हा मन ताळ्यावर ठेवायचा व्यायाम. निवृत्त बसड्रायव्हर आजी पाल्याचे काढे करतात आणि गेलेल्या माणसांशी गप्पा मारतात. तिघींचं कशावर एकमत होईल तर शपथ. फक्त दोरीवर होतं. नवीन बाईने दर पौर्णिमेला एक गाठ मारायची, प्रत्येक गाठीवर एकच निश्चय बोलायचा आणि नऊ गाठी झाल्या की दोरी दाखवायची. मगच रिंगणात जागा. गाठ सुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

आज पौर्णिमा, आज दोरी दाखवायची होती. माझा निश्चय होता, आईपासून हे लपवणार नाही. नऊ वेळा तेच बोलले, आणि नऊही वेळा गाण्याच्या क्लासला जाते म्हणून थाप मारून घरातून निघाले!

नऊ गाठी परत मारायला दोन मिनिटं पुरली असती. कुणाला कळणार होतं? एक मारलीसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली. ती सोडली आणि दोरी घेऊन तडक आईसमोर जाऊन उभी राहिले.

"आई, मशीन थांबव."

"अगं, अकराला पँट द्यायचीय."

"थांबव म्हणते ना. मी गाण्याच्या क्लासला जात नाही."

"ते पहिल्याच महिन्यात कळलं. कधी गुणगुणली तरी असतीस."

मग मी सगळं सांगितलं. चेटकीण हा शब्दही गाळला नाही.

आई पँटची शिलाई चाचपत बसली. "मला नाही आवडलं हे," ती शेवटी म्हणाली. "भीती वाटते गं. लोक काय काय बोलतील तुला."

"बोलू देत. मी जाणार."

"आणि मी गाठी सोडवल्या, त्याचं काय?"

"पुन्हा नऊ महिने. करीन."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "इतक्या ढिल्या मारल्या होत्यास की नखाने सुटल्या. शिंपिणीची लेक ना तू?" तिने चिंधीतला एक दोरा ओढला, बोटाभोवती दोन वेढे घेतले, टोक ओलं केलं आणि आवळलं. "अशी मारायची. आता तू मार. माझ्यादेखत."

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून नवा निश्चय मोठ्याने बोलले, "मी सोडणार नाही." दोन वेढे घेतले, टोक ओलं केलं, आवळलं.

आईने दोरी हातात घेतली आणि नखाने गाठ बराच वेळ ओढून पाहिली. सुटली नाही.