चेकरबाईंचा आठवडा

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. शिवणीतला एक टाका वाकडा दिसला की शर्ट रिजेक्टच्या ढिगात. मग हातापाया पडा, उपयोग नाही! नवरा गेल्याला तीन महिने झाले आणि ही बाई घरात बसली ती बसलीच. रडली नाही, कुणावर डाफरली नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची.

शेवटी नणंद आली आणि तिनं एक वही पुढ्यात टाकली. "वहिनी, मोठं काही करू नकोस. रोज तीनच गोष्टी. अंघोळ, चार घास आणि कोपऱ्यापर्यंत एक फेरी. जमलं की बरोबरची खूण कर, नाही तर फुली. रविवारी मी येते. तुझंच तुला होत नसेल, तर आईला माझ्याकडे घेऊन जाईन. या वयात तिच्याकडे कोण बघणार?"

सासू गेली की घरात आपण एकटेच, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. वाटत काहीच नव्हतं.

तरी उठली बिचारी. सोमवारी अंघोळ केली, पण केस धुवायचे राहिले. रिजेक्ट. चौथा घास ताटातच राहिला. रिजेक्ट. दोन घरं अलीकडूनच परत फिरली, तेही रिजेक्ट. मंगळवारी कोपरा गाठला, तर पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला! मारली फुली. आता काय म्हणावं या बाईला? अहो, पोचली ना कोपऱ्यापर्यंत? पण जन्मभर खोट काढायची सवय, ती काय घरी सुटते! सासू दारातून बघायची, "जेवलीस ना, झालं तर मग," म्हणायची आणि आत जायची.

रविवारी नणंदेनं वही उघडली. सहा दिवस, अठरा फुल्या. तिनं वही मिटली. म्हणाली, "आईची बॅग भर."

चेकरबाई सासूच्या कपाटाशी गेली. कपड्यांच्या घडीखाली कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. मागं सासूचं थरथरतं अक्षर: 'माझी एकच गोष्ट. पोरीसमोर रडायचं नाही.' खाली सोमवार ते शनिवार, सहा बरोबरच्या खुणा.

ती पान घेऊन बाहेर आली. सासू ओशाळली. "अगं, तुला वही मिळाली, म्हटलं आपणही काहीतरी ठरवावं. तुझ्या डोळ्याला पाणी नाही. मीच सुरुवात केली तर तू पार कोलमडशील, असं वाटलं."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच चेकरबाईला काहीतरी वाटलं. राग आला. पोटचा मुलगा गेला म्हातारीचा, आणि ही रडू दाबून खुणा करत बसली होती!

"ताई, बॅग राहू दे. आई कुठंही जाणार नाहीत."

"आणि तुझं काय, वहिनी?"

"माझं होईल तेव्हा होईल."

ती सासूला चिकटून बसली. "आई, रडा. चांगलं मोठ्यानं रडा."

म्हातारी आधी नको नको म्हणाली, मग हंबरडा फोडून रडली. सुनेचे डोळे कोरडेच होते. पण सासूचं रडून होईपर्यंत ती जागची हलली नाही.