डोळे मिटून ऐकणाऱ्यांचं मंडळ

महेश्वर हत्तुरेंच्या दुकानावरच्या दिवाणखान्यात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. दुकान चादरींचं, म्हणून वर भिंतींनाही चादरीच. आवाज घुमू नये यासाठी मोर आणि कमळं विणलेल्या जाड सोलापुरी चादरी चारी बाजूंनी खिळ्यांवर टांगलेल्या. खाली सतरंजीवर शंभरभर माणसं मांडी घालून बसली होती आणि एकूण एक माणसानं डोळे मिटले होते.

हा श्रवण मंडळाचा वीस वर्षांचा नियम. ऐकताना डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस यंत्राची किंमत ऐकतो, आवाज ऐकत नाही, असं एकनाथराव मोहोळकरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झालेला हा माणूस, पण स्वतःच्या हातानं अँप्लिफायर बांधायचा. समोरच्या टेबलावरचा अँप्लिफायरही त्यांचाच. कुणी नवा स्पीकर घेतला तरी आधी विचारायचं, 'मोहोळकरांनी ऐकला का?' सोलापुरात त्यांच्या कानाला असा मान होता.

एरवी या मंडळाला बारा-पंधरा टाळकी जमत. आज एवढी गर्दी लोटली होती ती स्वनानंद महाराजांमुळे.

"आता ऐकलात तो चक्राविना आवाज," महाराज म्हणाले. अंगावर भगवा सदरा, मनगटावर भारीतलं घड्याळ. "मळका आवाज! विजेच्या तारेतून रज-तमाचा मळ येतो, तो थेट तुमच्या कानात. आता मी हे नादचक्र यंत्रावर ठेवतो. याच्या स्पर्शानं इलेक्ट्रॉन सात्त्विक होतात. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे अजून कळलेलं नाही. नेत्र मिटलेलेच ठेवा... ठेवलं. ऐका!"

परदेशातल्या शास्त्रज्ञांना न कळलेल्या पुष्कळ गोष्टी आपल्याकडच्या महाराजांना कळतात, हे आपलं भाग्यच. तळहाताएवढी तांब्याची चकती ती. पण रेकॉर्डवरचा तोच तंबोरा पुन्हा सुरू झाला आणि सभेतून "आहाहा" असा उसासा निघाला. कुणाला तारेवरचं बोट ऐकू आलं, कुणाला गवयाचा श्वास. एकनाथरावांनाही पडदा सरकल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही असंच वाटलं होतं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, 'फरक आहे बुवा.' महाराजांनी हे तीन शब्द झेलले आणि पत्रकावर छापून टाकले. त्यावर चक्राच्या चित्राखाली आता एकनाथरावांचा फोटो होता.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. हौशी माणसानं तांब्याची चकती घेतली, बिघडलं काय? पण महाराज म्हणाले, "यंत्राचा मळ जातो, मग कानाचा जाणार नाही? आणा त्या बाळाला!"

वळसंगच्या शिवबाई नातीला कडेवर घेऊन पुढे आल्या. काव्या साडेतीन वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. मागून तिची आई, शिवबाईंची सून ऋतुजा आली, प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल धरून. महाराजांनी काळ्या दोऱ्यात ओवलेलं छोटं चक्र पोरीच्या गळ्यात बांधलं, तिला लाकडी चौरंगावर, मोठ्या स्पीकरला पाठ लावून बसवलं आणि डग्ग्याचा ठेका सोडला. पोरगी दचकली. मान वळवून स्पीकरकडे बघायला लागली.

टाळ्यांनी दिवाणखाना दणाणला. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

"ऐकायलीय की ओ पोरगी!" शिवबाई रडत रडत एकनाथरावांच्या पायाशी वाकल्या. "सर, तुमी म्हणला फरक हाय, म्हणून आले बगा. न्हाईतर मी कुटली यायला! आता पुण्याला न्हाय नेत. लेकराच्या डोक्याला भोक पाडून यंत्र घालतेत म्हनं. कशाला घालायचं?"

ऋतुजा हळूच म्हणाली, "आत्या, तारीख मिळालीय. गुरुवारची. परत कधी मिळेल..."

"गप बस. वळली का न्हाय ती? डोळ्यानं बगितलंस की."

एकनाथरावांनी शिवबाईंना हाताला धरून उठवलं. ते जिना उतरून घरी निघाले.

घरी चेतनाला हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. चेतना त्यांची मुलगी. कानांची तपासणी हाच तिचा धंदा, आणि काव्याची तपासणी तिनंच केली होती. पण सोलापुरात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"बाबा, त्या मुलीला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. "कानाचं मशीन लावून बघितलं, तेही आलं नाही कामाला. आत यंत्र बसवलं तर अजून बोलायला शिकेल. दिवस निघून चाललेत. उशीर झाला की मेंदूतली ऐकायची जागा दुसऱ्याच कामाला लागते. तुमच्या नावावर ती पोरगी मुकी राहील."

"मी काय ऑपरेशन करू नका म्हणालो का?" एकनाथराव तडकले. "चक्राचं म्हणशील तर मी स्वतः ऐकलंय. डोळे मिटून ऐकलंय. चाळीस वर्षं या कानांवर काढली. ते काय आज खोटं बोलायला लागले?"

चेतना वाद घालत बसली नाही. म्हणाली, "बरं. महाराजांनी दिलेलं तुमचं चक्र आणा. उद्या सकाळी ऐकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथराव आपल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, मांडीवर वही घेतली. चेतना अँप्लिफायरपाशी उभी राहिली. ती म्हणायची "ठेवलं", ते ऐकून चाचपडत वहीत लिहायचे. मग ती म्हणायची "काढलं". असं दहा वेळा झालं. पाच वेळा 'उघडा आवाज' आणि पाच वेळा 'मळकट'. एकदाही चूक नाही. एकनाथरावांनी डोळे उघडले ते विजयानं.

"बघ! दहापैकी दहा."

"चक्र कुठं आहे, बाबा?"

ते टेबलावर नव्हतं. चेतनानं स्वयंपाकघरातून कडक भाकरीचा डबा आणला आणि झाकण उघडलं. भाकरीच्या चवडीवर तांब्याची चकती पडली होती. "रात्रीपासून इथंच आहे," ती म्हणाली. "मी कशालाही हात लावला नाही. नुसती बोलत होते."

एकनाथरावांनी वहीतल्या ओळी वरून खाली पुन्हा वाचल्या. अक्षर त्यांचंच होतं.

"परत म्हण," ते एकदम म्हणाले. "डबा इथंच राहू दे, माझ्यासमोर. आणि म्हण, ठेवलं."

चेतना म्हणाली, "ठेवलं." आणि चक्र डोळ्यांसमोर डब्यात असताना, सगळं ठाऊक असताना, तंबोरा पुन्हा किंचित उघडला. त्यांनी स्वतः ऐकलं. महाराजांनी फसवलं असतं तर महाराजांवर चिडता आलं असतं. इथं चिडायचं कुणावर?

"कान नुसतं सूत पाठवतो, बाबा," चेतना शेजारी बसत म्हणाली. "कापड मेंदू विणतो. नक्षी आधी सांगितली की तो तीच विणायला घेतो. तुमचंच नाही, माझंही असंच होतं. म्हणून तर आम्ही तपासताना पेशंटला कधी सांगत नाही, आता आवाज सोडते म्हणून."

"आणि मी वीस वर्षं लोकांना सांगतोय, डोळे मिटा," एकनाथराव पुटपुटले. "डोळे मिटले, आणि महाराज काय सांगतो ते मात्र कान देऊन ऐकत बसलो."

बुधवारी संध्याकाळी महाराजांची निरोपाची बैठक होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार, काव्याला न्यायची पुण्याची गाडी सकाळीच होती. ऋतुजाची फाईल अजून पिशवीतच होती. शिवबाई पुढच्या रांगेत होत्या, मांडीवर काव्या, गळ्यात चक्र. एकनाथरावांशेजारी चेतना बसली होती.

"नेत्र मिटा," महाराज म्हणाले. शंभरावर माणसांनी डोळे मिटले. एकनाथरावांनी वीस वर्षांत पहिल्यांदा ते उघडे ठेवले.

आवाजाच्या बटणावर त्यांनी स्वतः ऑइलपेंटचा पांढरा ठिपका दिला होता, म्हणून त्यांना ते इतक्या लांबूनही दिसलं. महाराजांनी उजव्या हातानं चक्र मिरवत यंत्रावर ठेवलं आणि डाव्या हातानं तो ठिपका एक रेघ पुढे सरकवला. फक्त एक रेघ! एवढ्यानं आवाज मोठा झाला असं कुणाला वाटत नाही. स्वच्छ झाला असं वाटतं. शाळकरी पोरालाही जमेल अशी ही गोष्ट एकनाथरावांना ठाऊक होती, आणि तरी ते पत्रकावर हसत उभे होते.

ते उठले. "बटण सरकवलंत तुम्ही, महाराज."

सभेनं डोळे उघडले. महाराज मंद हसले. "संशयानं ग्रासलेल्या कानांत नाद उतरत नाही, साधक."

"अहो मोहोळकर," महेश्वर हत्तुरे वैतागले, "तुम्हीच तर सांगितलं फरक आहे म्हणून. मी दुकानात ठेवायला वीस चक्रं घेतली की!"

"सांगितलं. चुकलो." एकनाथराव टेबलापाशी गेले. "आता एकदा माझ्याकडून ऐका. मिटा डोळे. हे चक्राविना..." तंबोरा वाजला. "आणि आता ठेवलं. ज्यांना फरक कळला त्यांनी हात वर करा."

हातांचं रान उगवलं. महेश्वरचाही हात वर होता.

"हात तसेच राहू द्या आणि डोळे उघडा."

एकनाथराव टेबलापासून चार पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते. पांढरा ठिपका जागेवर होता. चक्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होतं. हात एकेक करून खाली आले. कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच स्वतःची लाज वाटत होती. महाराजांनी तेवढ्यात पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत जिन्याची वाट धरली. मठात म्हणे तातडीचं काम निघालं.

"ते जाऊ द्या ओ सगळं," शिवबाईंचा आवाज चिरकला. "तुमचं यंत्र खोटं आसंल. माझी नात वळली की! तिला कुणी सांगिटलं हुतं, ठिवलं म्हणून?"

चेतना पुढे आली. "आजी, स्पीकरला पाठ लावून बघा."

ठेका सुरू झाला. शिवबाईंनी चौरंगावर बसून पाठ टेकवली आणि झटक्यानं पुढे सरकल्या. धप धप धक्के पाठीच्या कण्यात शिरत होते. खालचा चौरंगही थरथरत होता.

"ते तिला कळतं," चेतना म्हणाली. "आता तिला इकडं बसवू."

भिंतीवरच्या दोन चादरी काढून त्यांच्या जाड घड्या घातल्या आणि स्पीकरपासून लांब, काव्याला त्यावर बसवलं. हातात बाहुली दिली. चेतनानं शिवबाईंना तिच्या मागे उभं केलं. "सावली पडू देऊ नका. आता हाक मारा."

"काव्या," शिवबाई म्हणाल्या.

पोरगी बाहुलीचा झगा नीट करत होती.

"काव्या! यव्वा! ए माजे बाई!" शेवटची हाक खालच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल. शंभर माणसं श्वास रोखून बघत होती. काव्यानं बाहुलीला मांडीवर आडवं केलं आणि थोपटायला लागली.

शिवबाई नातीशेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "रोज रात्री गाणं म्हनती मी हिला. कानडीतलं. माज्या आईचं. ते ऐकून झोपती ही. ते बी न्हाय?"

चेतनाला खोटं बोलता आलं असतं. "छातीला गाल लावून झोपते ना, आजी? तुमची छाती घुमते, ते तिला कळतं. गाणं नाही पोचलेलं अजून."

एकनाथराव सभेकडे वळले. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं विसरले होते. "बाबांनो, आपण काही मूर्ख नाही. मला ऐकू आलं ते खरंच ऐकू आलं. पण ऐकू आलं म्हणून ते बाहेर होतंच असं नाही. मला एवढंच सांगायचंय. कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर त्यानं आधी तोंडानं काय सांगितलं ते आठवा, आणि त्याचे हात कुठं आहेत ते डोळे उघडून बघा. उत्तर आधी न सांगता परीक्षा घ्या. ती घेऊ देत नसेल तर तिथून उठा. माझ्यासारख्या माणसानं 'फरक आहे' म्हटलं तरी उठा. माझ्या कानाच्या भरवशावर तुमची लेकरं सोडू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं खाली मान घालून चपला शोधायला लागली.

शिवबाई उठल्या, काव्याला उचललं आणि एकनाथरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. पोरीची हनुवटी वर करून गळ्यातला काळा दोरा त्यांनी पुढे केला.

"तुमच्या शब्दावर बांदलं हुतं, सर. तुमच्याच हातानं सोडा."

गाठ घट्ट बसली होती. एकनाथरावांची बोटं नाजूक तारा जुळवण्यात मुरलेली, पण ती गाठ काही सुटेना. काव्या त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. ते काहीतरी पुटपुटत होते. माफी मागत होते की तिचं नाव घेत होते, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांचे ओठ हलताना दिसले तसे पोरीनंही आपले ओठ हलवून बघितले. त्यातून आवाज आला नाही.

गाठ सुटली. ऋतुजानं पिशवीतून फाईल बाहेर काढली.

"सकाळची सहाची गाडी आहे, आत्या," ती म्हणाली.

"व्हय," शिवबाई म्हणाल्या. "मी बी येती."