चांगल्या दिवसाची तपासणी

तपासणीसबाई घरी येणार म्हणून ताईने घर आवरलं, आणि तिथेच माशी शिंकली.

ताईच्या हातापायांचे सांधे कित्येक वर्षांपासून सुजत होते. दुखण्याला काही शिस्त नव्हती. एखाद्या सकाळी ती आपला चहा आपण करून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पांघरूण बाजूला सारायलाही धाकटीला हाक मारायची. म्हणून सरकारी योजनेतून एक मदतनीस रोज घरी येत असे. ताईला अंघोळ घालायची, केस विंचरायचे, जेवण करून वाढायचं, औषधं द्यायची. ती आली की धाकटी निश्चिंत मनाने कामावर जायची. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. दोघी बहिणींचं घर त्या पगारावर आणि त्या मदतीवर चाललं होतं.

मग फेरतपासणीचं पत्र आलं. ताई आधी दोन दिवस बिछान्यात पडून राहिली, ताकद साठवत. तिसऱ्या दिवशी उठून तिने टेबल पुसलं, उशांचे अभ्रे बदलले आणि ठेवणीतला निळा पोशाख घातला. तपासणीसबाईंनी तिला दार उघडायला सांगितलं, तिने उघडलं. बटणं लावायला सांगितली, लावली. कप उचलायला सांगितला, तर ताईने तो उचलला, त्यात चहा ओतला आणि बाईंच्या हातात दिला. बाई प्रसन्न होऊन गेल्या. ताई नंतर आठवडाभर अंथरुणाला खिळली, पण ते बघायला बाई थोड्याच थांबल्या होत्या. ताईला स्वतःचं सगळं स्वतः करता येतं, असा शेरा पडला आणि मदतनीस यायची बंद झाली.

"चहा कशाला केलास तू?" धाकटीने विचारलं होतं.

"घरी आलेल्या माणसाला चहा नको?"

"त्या पाहुण्या नव्हत्या, ताई."

"मग दारात चपला काढून कशाला आल्या?"

 मदतनीस बंद झाल्यापासून धाकटी अर्धाच दिवस कामावर जात होती. उरलेला अर्धा दिवस साहेबांनी सांभाळून घेतला, पण त्यालाही मर्यादा होती. "वर्षअखेरपर्यंत बघू," ते म्हणाले. "मग पूर्ण वेळ या, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." ते वाईट माणूस नव्हते. नमुन्यांच्या बाटल्या कुणाच्या घरच्या अडचणीसाठी थांबत नाहीत, हे धाकटीलाही कळत होतं.

कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. खालच्या यंत्रांमुळे तिची जमीन कायम कोमट असे आणि साबणाचा वास येई. तिथे अशीच मदत तुटलेली माणसं जमत. त्यांना जमवलं होतं एका निवृत्त नर्सने. तिला सगळे सिस्टर म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही. ताई आणि धाकटी गेल्या त्या पहिल्याच बैठकीत उघड झालं की सगळ्यांनी तेच केलं होतं. हात थरथरतो म्हणून बस चालवणं सोडावं लागलेल्या काकांनी तपासणीच्या सकाळी जास्तीची गोळी घेतली होती, हात स्थिर राहावा म्हणून. एका आईने आपल्या मंदबुद्धी लेकाकडून घरचा पत्ता पोपटासारखा पाठ करून घेतला होता.

"धन्य आहात," सिस्टर म्हणाल्या. "ज्या परीक्षेत नापास व्हायचं, तिला अभ्यास करून बसलात."

"शाळेत नाही केला तेवढा केला," बसवाले काका म्हणाले.

मागणी साधी होती. तपासणी एका ठरलेल्या सकाळी उरकू नका. दोनदा या, एकदा न कळवता. आणि आज काय जमतं एवढंच विचारू नका, ते केल्यावर उद्या काय होतं तेही विचारा. त्यांनी चौकाचौकांत पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या, नगरसभेच्या पायऱ्यांवर खुर्च्या टाकून बसले, कारण उभं राहणं निम्म्यांना जमत नव्हतं. या बसलेल्या मोर्च्याचे फोटो छापून आले. शेवटी योजनेच्या समितीने त्यांना म्हणणं मांडायला बोलावलं. सर्वांच्या वतीने ताईने बोलायचं ठरलं, कारण तिची वाणी स्वच्छ होती आणि ती कुणाला घाबरत नसे.

"एकच सांगते," सिस्टरांनी तिला बजावलं. "आधी विश्रांती घेऊ नका. इस्त्रीचे कपडे नकोत. जशा असता तशा या."

"म्हणजे मी भिकारणीचं सोंग आणू?"

"सोंग कोण आणा म्हणतंय? तुम्ही तपासणीला आणलं होतं ते सोंग होतं."

ताई घरी येईपर्यंत फणफणत होती. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे शिवले होते. मापात कधी चूक नाही आणि दिलेल्या तारखेत कधी बदल नाही. नाकावर माशी बसू दिली नव्हती.

"नेहमीसारखी ये एवढंच म्हणतात त्या," धाकटी म्हणाली.

"नेहमीसारखी म्हणजे कालच्यासारखी का आजच्यासारखी?"

 प्रश्न रास्त आहे, हे धाकटीला पटलं. एकाच विहिरीचं पाणी पावसाआधी वेगळं असतं, नंतर वेगळं. त्यातलं खरं कुठलं, असं तिला प्रयोगशाळेत कुणी विचारलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

सुनावणीच्या दिवशी सगळे नटूनथटून आले. काकांच्या बुटांत तोंड दिसत होतं. त्या आईच्या लेकाचा भांग पाडलेला होता. खुद्द सिस्टरांच्या कानात मोती होते, ते पाहून ताईने भुवई उंचावली आणि आपला निळा पोशाख सारखा केला. सिस्टरांनी नजर टाळली.

लांब टेबलामागे समिती बसली होती. अध्यक्ष जाडजूड आणि अदबशीर गृहस्थ होते. त्यांच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. सिस्टरांनी प्रास्ताविक सुरू केलं. धाकटीने पाहिलं, ताईचं त्याकडे लक्षच नव्हतं. तिची नजर त्या बटणावर खिळली होती. अध्यक्ष पाण्यासाठी पुढे वाकले की बटण झोका घ्यायचं आणि ताईचा जीव वरखाली व्हायचा.

"आता तुम्ही बोला," अध्यक्ष ताईला म्हणाले.

"साहेब, ते बटण पडेल."

"हो का? घरी गेल्यावर बघतो."

"घरी जाईपर्यंत नाही टिकायचं ते. काढा कोट."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी कोट काढून दिला. ताईच्या पिशवीत सुईदोरा असायचाच. आजची सकाळ बरी होती, बोटं ऐकत होती. तिने दोरा ओवला, बटणाखाली दोऱ्याचा देठ धरला, चार टाके घालून गाठ आत दडवली आणि कोट झटकून परत दिला. सगळी समिती टक लावून बघत होती. सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"गेली आपली गाडी दरीत," काका पुटपुटले.

समितीतल्या एक बाई पुढे झुकल्या. "सुरेख हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. "मग मदत नेमकी कशासाठी हवी आहे?"

ताईने सुईला दोरा गुंडाळून ती पिशवीत ठेवली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. उरलेलं दुपारी ऐकू, म्हणाले.

बाहेरच्या बाकावर सगळे जेवायला बसले. धाकटीने पाव तोडून एक घास ताईपुढे धरला. वर्षअखेर डोळ्यांपुढे येत होती. प्रयोगशाळेतल्या आपल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं तिला दिसू लागलं.

"अगं, तुला कळत कसं नाही?" ती म्हणाली. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आणि माझ्याही."

"लोंबत होतं गं. राहवलं नाही."

ताईने हात मांडीवर ठेवले. बोटांची पेरं आता लाल होऊन टरटरली होती. तिने पेल्याकडे हात नेला, तसा धाकटीने सवयीने खालून कोपराला आधार दिला, कुणाच्या नजरेत येणार नाही असा. वर्षानुवर्षं ती हे करत आली होती. जिन्यावर, दुकानांत, लोकांच्या घरी.

ताईने त्या हाताकडे पाहिलं. "दुपारी हे करू नकोस," ती म्हणाली.

"सांडेल तुझ्याकडून."

"सांडू दे."

दुपारी समिती परत बसली. ताई पुढच्या खुर्चीवर गेली. तिने पाणी मागितलं. शिपायाने पेला ठेवला. ताईने तो दोन्ही हातांच्या तळव्यांत धरला, कारण बोटं मिटत नव्हती. पेला ओठांपर्यंत पोचायच्या आत कलंडला आणि पाणी टेबलावरून तिच्या निळ्या पोशाखावर ओघळलं. मागे बसलेली धाकटी आपले हात मांडीखाली दाबून बसली होती. इतकं कठीण काम तिने कधी केलं नव्हतं.

शिपाई फडकं आणायला धावला. ताईने त्याला हाताने थांबवलं.

"सकाळी बटण लावलं ती मीच," ती म्हणाली. "आत्ता पाणी सांडलं तीही मी. आणि उद्या सकाळी जिला कूस बदलता येणार नाही, तीही मीच असेन. तुमच्या तपासणीसबाई आल्या आणि पहिलीला भेटून गेल्या. चांगली आहे हो ती, मलाही आवडते. पण घरात तिच्यासोबत आणखी दोघी राहतात. त्यांची चौकशी कुणी केली नाही."

मघाच्या बाईंनी विचारलं, "उद्या त्रास होणार हे ठाऊक असताना बटण लावलंच कशाला?"

"लोंबत होतं."

कुणीतरी हसलं. ताईही हसली, मग गंभीर झाली. "दुखणं आलं म्हणून डोळे जात नाहीत, बाई. एवढंही करायचं नाही म्हटलं तर दिवसभर बसून करू काय? मला जमतं तेवढं मी करणार. त्याची शिक्षा म्हणून मदत काढून घेऊ नका, इतकंच म्हणणं आहे."

मग बसवाले काका उठले. सकाळची गोळी उतरली होती आणि त्यांचा उजवा हात हवेत आपणहून पत्ते पिसत होता. "साहेब, हा बघा माझा दुपारचा हात," ते म्हणाले. "सकाळी याला धाक दाखवून आणला होता." त्यांच्यामागून ती आई उभी राहिली. तिने लेकाला पत्ता विचारला, त्याने घडाघडा सांगितला. मग तिने त्याला विचारलं, इथून घरी कसा जाशील? तो खूप वेळ विचार करत राहिला आणि शेवटी आईचा हात धरला. अध्यक्ष आता लिहून घेत नव्हते, नुसते ऐकत होते.

निर्णय लगेच आला नाही. आला तोही अर्धाच. न कळवता दुसरी भेट आणि उद्याचा प्रश्न या दोन गोष्टी मान्य झाल्या. घरच्या माणसाला मोबदला द्यावा, ही नंतर जोडलेली मागणी फेटाळली गेली. "पदरी पडलं आणि पवित्र झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता तिसऱ्या मागणीसाठी खुर्च्या पुसून ठेवा."

त्याच तपासणीसबाई एका टळटळीत दुपारी अचानक आल्या, तेव्हा ताई विस्कटलेल्या केसांनी बिछान्यात होती आणि खरकटे कप उशाशी होते. ती शरमेने अर्धी झाली, पण विचारलेलं सगळं तिने सांगितलं. बाईंनी कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवले. जाताना म्हणाल्या, "मागच्या वेळचा चहा छान होता. दुसऱ्या दिवसाचं मी विचारायला हवं होतं."

मदतनीस परत आली त्या दिवशी धाकटी पूर्ण वेळ कामावर गेली. दुपारी न राहवून तिने घरी फोन लावला. तो मदतनीसबाईनेच उचलला.

"अंघोळ झाली, औषध झालं," ती म्हणाली. "आता मला झाडू कसा मारायचा ते शिकवतायत. घ्या, बोला."

"काय गं?" ताईचा आवाज आला. "काही अडलंय का?"

"नाही, सहज केला. मी लवकर येऊ का?"

"कशाला? काम कर तुझं. आमचं भांडण रंगात आलंय, मध्ये येऊ नकोस." आणि फोन बंद झाला.

धाकटीने फोन खाली ठेवला. आपल्यावाचून अडत नाही, याचं बारीकसं वाईट वाटलं, आणि लगेच भूक लागल्याचं कळलं. तिने डबा उघडला. गेले कित्येक महिने ती उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलून घराकडे पळत होती. आज तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली, बसली, आणि सावकाश जेवली. मग हात धुऊन नमुन्यांचा पुढचा ट्रे ओढून घेतला.