पेटीत राहिलेला फोम

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. खरे तर एकटी नाही. पत्र्याच्या एका लांबट पेटीत आम्ही तिघी बहिणी शेजारी शेजारी ताणलेल्या आहोत आणि मी त्यांतली मधली. तुमच्या पेनातली स्प्रिंग तुम्ही पाहिली असेल. तिने टकटक करावे आणि गप्प बसावे. आमचे काम मात्र आवाज वाहून नेण्याचे.

एका छोट्या कारखान्यात बारीक पोलादी तार गोल गोल गुंडाळून आम्हाला घडवले आणि दोन्ही टोकांना इवलेसे लोहचुंबक बसवले. गाणाऱ्याचा आवाज विजेच्या रूपाने आला, की एका टोकाचे चुंबक थरथरते. ती थरथर आमच्या वेटोळ्यांतून धावत दुसऱ्या टोकाला जाते, तिथून मागे फिरते, पुन्हा जाते, आणि दर फेरीला थोडी थकते. ऐकणाऱ्याला वाटते, गाणारा एखाद्या उंच घुमटाखाली उभा आहे. प्रत्यक्षात खोली असते दहा बाय बाराची आणि कोपऱ्यात छत्री वाळत असते! या कामाला घुमारा देणे म्हणतात.

आमचे मालक लोकांची गाणी रेकॉर्ड करायचे. त्यांचा कान इतका पक्का, की सगळे त्यांना कानवाले म्हणत. तुटलेल्या तारा डाग देऊन जोडायचे काम त्यांच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे. गायक मंडळी आमचे कौतुक करत आणि कानवाले पेटीवर हलकेच थाप मारत. हलकेच म्हणते, कारण आम्हाला धक्का सोसत नाही. टेबलाला नुसता गुडघा लागला, तरी आम्ही तिघी एकमेकींवर आदळतो आणि स्पीकरमधून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. मग काकू दचकून म्हणत, "पेटी ओरडली बाई!"

एकदा आमचे बिऱ्हाड नव्या खोलीत हलले. वाटेत आम्हाला इजा होऊ नये म्हणून कानवाल्यांनी आमच्यामध्ये फोमच्या पट्ट्या दाबून बसवल्या. नव्या खोलीत काकूंनी पेटी टेबलाखाली ठेवली, तारा जोडल्या, आणि पहिले रेकॉर्डिंग ठरले.

गाणाऱ्या ताई दवाखान्यात नर्स होत्या. वॉर्डात त्या रुग्णांना गाणी म्हणून दाखवत. बाहुल्यांचे खेळ करणारे एक गृहस्थ पाय मोडून तिथे पडले होते. त्यांनी ते गाणे ऐकले आणि हट्टच धरला, की माझ्या नव्या खेळातल्या आईची अंगाई याच ताई म्हणतील.

ताई गायल्या. आवाज आमच्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. तोंडात बोळा कोंबल्यावर कोण काय बोलणार? कानवाल्यांनी घुमाऱ्याचे बटण वाढवले, आणखी वाढवले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेटी उघडून बघावी, असे काही त्यांना सुचले नाही. पक्क्या कानाच्या माणसाला आपले चुकले असे सहसा वाटत नाही.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण तुमचा आवाज कोरडा आहे. काही आवाजांना घुमारा धरतच नाही."

"वॉर्डात चालून जातं हो," ताई हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "तिथं कुणाला उठून जाता येत नाही ना."

ताईंसोबत आलेले बाहुलीवाले खाली मान घालून म्हणाले, "शनिवारी खेळ आहे. बघतो, दुसरं कुणी मिळतं का."

ताई गेल्या. मित्रांनो, त्या वेळी मला फार रडू आले. सगळे ठाऊक असून मला एक शब्द बोलता येत नव्हता.

चार दिवसांनी झाडताना काकूंचे स्टूल टेबलाला धाडकन आपटले. स्पीकर चालू होता, पण काही आवाज आला नाही. काकू झाडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"अहो, पेटी ओरडली नाही! फोम तुम्ही काढलात ना?"

"मला वाटलं, तू काढलास."

कानवाल्यांनी झाकण उघडले. पट्ट्या तशाच होत्या. मग चिमट्याने एकेक पट्टी काढून त्यांनी ताईंचे रेकॉर्डिंग आमच्यातून सोडले. आम्ही जीव ओतून धावलो. खोली भरून गेली.

"हेच पाठवा बाहुलीवाल्यांना," काकू म्हणाल्या. "दुरुस्त केलं म्हणा. कुणाला काय कळतंय?"

"त्या ताईंना कळायला हवं," कानवाले म्हणाले. त्यांनी दोघांनाही बोलावून घेतले.

"आवाज कोरडा नव्हता," त्यांनी बाहुलीवाल्यांच्या देखत सांगितले. "माझ्या पेटीत बोळे होते. डोक्यातही होते म्हणा. ताई, माझं चुकलं."

ताईंनी आपले गाणे शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "छान वाटतंय, पण हे नको. तुमच्या कपाळावरच्या आठ्या बघत बघत म्हटलंय मी हे. यानं कुठलं पोर झोपेल? चार दिवस वॉर्डातसुद्धा तोंड उघडलं नाही मी. पुन्हा म्हणू द्या. आणि आधी ती पेटी उघडून दाखवा."

कानवाल्यांनी पेटी टेबलावर ठेवून उघडली. ताईंनी वाकून आमच्याकडे पाहिले, हळूच फुंकर घातली, आणि आम्ही तिघी झुललो. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज कापला. दुसरीला सावरला. तिसऱ्या ओळीला बाहुलीवाल्यांचा रिकामा हात दोऱ्या धरल्यासारखा हलू लागला. शनिवारच्या खेळात तीच अंगाई वाजली.

तेव्हापासून नवा माणूस गायला आला, की कानवाले आधी पेटी उघडत आणि म्हणत, "पहिली माझी तपासणी, मग तुमची."

आता घुमारा कॉम्प्युटर देतो. आम्ही कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलो आहोत, आणि आमच्यातली धाकटी गंजू लागली आहे. मित्रांनो, आम्हाला कुठे न्यायचे झाले तर खुशाल बांधा, पण मुक्कामी पोचल्यावर सोडायला विसरू नका. आणि कुणाचा आवाज कोरडा वाटला, तर तसे म्हणण्याआधी आपली पेटी एकदा उघडून बघा. ताईंचे गाणे आम्ही पुढे पुष्कळ लोकांपर्यंत पोचवले. पण त्या चार दिवसांत वॉर्डातली जी माणसे गाण्यावाचून झोपली, त्यांच्यापर्यंत आम्हाला काही पोचता आले नाही.