कपाळावरचे खोटे नाव

मित्रांनो, मी एक जुने काशाचे वजन आहे. शेकडो वर्षांपूर्वी एका ओताऱ्याने मला साच्यात ओतले, कानशीने घासून तराजूशी जुळवले. मग बाजाराच्या तपासनिसाने माझ्या कपाळावर एकच अरबी शब्द कोरवून घेतला. त्याचा अर्थ ‘पुरेपूर’. रेशीम विकणाऱ्या एका घराच्या कित्येक पिढ्या त्या शब्दावर विसंबल्या. पुढे ते दुकान कोसळले आणि मी मातीखाली गेलो. मातीने मला हिरवा गंज चढवला, पण शब्दाला धक्का लावला नाही.

ते पाप माणसाने केले. खोदकामात मी वर आलो आणि त्याच्या हाती लागलो; जुन्या वस्तू विकणारा तो. सगळे त्याला गोडबोल्या म्हणत. त्याने मला अ‍ॅसिडात बुडवले, तारेच्या ब्रशने खसाखसा घासले आणि वर थुंकी लावून अंगठ्याने पुसले. शी! अजून आठवले की शिसारी येते.

दुकानाची झाडपूस करणारी त्याची थोरली बहीण म्हणाली, “अरे, त्यावरची अक्षरं कशाला खरवडतोस?”

“ताई, त्या एवढ्याशा शब्दाला कुत्रं विचारत नाही. राजाचं नाव असलं, की बघ गिऱ्हाईक कसं धावत येतं!”

आणि त्याने माझ्या शब्दावरच एका राजाचे नाव कोरले. त्या राजाने मला कधी पाहिलेही नव्हते!

काही दिवसांनी संग्रहालयातून, जुने कोरीव लेख वाचणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला दिव्याखाली तिरपे धरले.

“नाव जुन्या राजाचं, पण अक्षर ताजं आहे. खाचेत गंजाचा कणही नाही. याच्याखाली आधी काय होतं?”

“काही नाही हो! आजोबांपासून हे असंच आहे.”

“खोटं बोलतोय,” ताई म्हणाली. “माझ्यासमोर कोरलंय यानं.” हातातले फडके तिने त्याच्यापुढे फेकले, चपला घातल्या आणि निघून गेली. पुन्हा त्या दुकानाची पायरी ती चढली नाही.

बोभाटा नको म्हणून गोडबोल्याने मला संग्रहालयाला देऊन टाकले. आता बनावट लेख कसा ओळखावा हे शिकवताना बाई मला विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. सगळे नाक मुरडतात. मलाही माझीच किळस येते.

एकदा एका मुलीने विचारले, “बाई, हे नाव घासून काढता नाही का येणार?”

“नाही गं. त्याच्याखाली मूळ शब्दाची दोन अक्षरं कशीबशी उरलीत. नाव काढायला गेलो, तर तीही जातील.”

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती चकचकीत करायला धावू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा. माझी दोन अक्षरे टिकावीत म्हणून मी ते घाणेरडे नाव कपाळावर वागवतो आहे.